लिथियम सुरू झालंय, हात थरथरतोय. गोळी बंद करू का?

पत्र

ताई, वय ३३. नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. दोन वर्षांपूर्वी डिप्रेशनमध्ये गेलो होतो, तेव्हा झोपेच्या गोळ्यांवर भागवलं. यंदा होळीच्या सुमारास उलटंच झालं. चार-पाच रात्री झोप नाही, तरी थकवा नाही. स्वतःचं वर्कशॉप काढायचं म्हणून सेकंड हँड लेथला ॲडव्हान्स देऊन आलो, सुपरवायझरशी भांडलो, बायकोच्या अंगावर धावून गेलो. डॉक्टरांनी बायपोलर, म्हणजे मन कधी उदासीत तर कधी उन्मादात जाण्याचा आजार, सांगितला आणि लिथियम सुरू केलं. आज अकरा दिवस झाले. हात बारीक थरथरतो, मायक्रोमीटर धरला की जास्तच. सारखी तहान, रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव, सकाळी मळमळ. मेहुण्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, या गोळीने किडनी जाते म्हणे. आई म्हणते, गोळ्या सोड, चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जा, उपास धर, देवी बघून घेईल. सातव्या दिवशी रक्त तपासायला सांगितलं होतं, फर्स्ट शिफ्टमुळे राहून गेलं. गोळी चालू ठेवू का? आयुष्यभर घ्यायची का? मी पहिल्यासारखा राहीन का?

ता. क. कंबर भरली होती म्हणून चार दिवस मेडिकलमधून आणलेली पेनकिलर दोन वेळा घेतोय. ती या गोळीबरोबर चालते ना?

उत्तर

तुमच्या ता. क.पासूनच सुरुवात करते. नाही, ती चालत नाही. पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला ईमेलवर तीन ओळी पाठवल्या होत्या: पेनकिलर बंद करा, डॉक्टरांना आत्ताच फोन लावा, उद्या सकाळी रक्त द्या. तसं केलं असेल असं धरून आता सविस्तर लिहिते. हीच गोळी घेणारे आणि अशीच कंबर धरून बसणारे नाशकात तुम्ही एकटे नसणार.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. डॉक्टर गोळी लिहून मोकळे झाले की पेशंट आणि त्याची माणसं माझ्या टेबलाशी येऊन बसत आणि आत विचारायचं राहिलेलं सगळं मला विचारत. तेव्हा डोस किती, वाढवायचा की कमी करायचा, यात मी पडणार नाही. गोळी घेऊन जगायचं कसं, एवढंच सांगते.

आधी त्या कंबरेच्या गोळीचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या जातीची कुठलीही गोळी पोटात गेली की किडनीतून लिथियम बाहेर पडण्याचं प्रमाण कमी होतं आणि ते रक्तात साचू लागतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये ‘कंबर दुखतेय’ म्हटलं की बहुतेक वेळा यातलंच काहीतरी हातात पडतं, पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकत्र केलेलं. म्हणून नुसतं ‘पॅरासिटामॉल आहे ना?’ असं विचारून भागत नाही, पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. साधं, एकटं पॅरासिटामॉल चालतं. मेडिकलवाल्याला दोष देऊ नका, तुम्ही लिथियमवर आहात हे त्याला कुणी सांगितलं होतं? इथून पुढे तापाची, दाढेची, जुलाबाची, कसलीही गोळी घेताना ‘मी लिथियम घेतो’ हे वाक्य आधी. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोलसुद्धा लिथियम वाढवू शकतं. पुढे कधी ब्लड प्रेशर निघालं तर त्या डॉक्टरांनाही हेच वाक्य, कारण टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि लघवी जास्त करवणाऱ्या बऱ्याच गोळ्या याच रांगेतल्या आहेत.

यामागचं कारण एकदा कळलं की निम्मी पथ्यं आपोआप लक्षात राहतात. लिथियम हा मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या भावकीतला क्षार. शरीर त्याचं पचन वगैरे काही करत नाही, तो आला तसा किडनीतून लघवीवाटे निघून जातो. किडनी त्याला साधारण सोडियमसारखंच वागवते. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवायला लागते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. जुलाब, उलट्या, ताप, घामाच्या धारा, अळणी जेवण, निर्जळी उपास, सगळ्यांचा परिणाम एकच: गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण वर. उलट एकाएकी खारट खायला लागलात तर प्रमाण खाली. म्हणून मीठ बंद नाही, जास्तही नाही. आजवर जेवत होता तसंच जेवा.

तुम्ही मशीनवरचे आहात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. ड्रॉइंगवर टॉलरन्स दिलेला असतो, त्याच्या खाली गेला तरी जॉब रिजेक्ट आणि वर गेला तरी रिजेक्ट. लिथियमचा टॉलरन्स बारीक आहे. रोजच्या देखभालीला रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर या मापात), आजार जोरात असताना १.० च्या आसपास. त्याच्या फार खाली गेलं तर गोळी घेऊन न घेतल्यासारखी. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, आणि काहींना त्याआधीही. हे प्रमाण चेहऱ्यावरून किंवा नाडीवरून कुणालाही कळत नाही, त्याला रक्तच लागतं. तुमची राहून गेलेली तपासणी त्यासाठीच होती. सुरुवातीला डोस ठरेपर्यंत दर आठवड्याला, मग पहिलं वर्ष साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे सगळं सुरळीत असेल तर सहा महिन्यांनी ती करायची असते.

आता रक्त कसं द्यायचं. ही गोष्ट चिठ्ठीवर लिहिलेली नसते आणि त्यामुळे निम्मे रिपोर्ट बिनकामाचे होतात. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी घेत असाल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. उपाशी असण्याची गरज नाही. लॅबवाला सवयीने ‘उपाशीपोटी सातला या’ म्हणेल, त्याला सांगा की उपास नाही, बारा तास महत्त्वाचे आहेत. गोळी घेऊन दोन तासांत रक्त दिलंत तर आकडा भलताच वर दिसेल आणि घरात रडारड. आणखी एक बारीक गोष्ट: हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियमचंच हेपॅरिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर आकडा खोटा वाढतो. जाणत्या लॅबला हे माहीत असतं, पण ‘लिथियम लेव्हलसाठी आहे, हिरवी नळी नको’ एवढं म्हणायला आपल्याला काही पैसे पडत नाहीत. फर्स्ट शिफ्ट असेल त्या दिवशी दोन तासांची सवलत मागा, किंवा गोळीची वेळच सुट्टीच्या दिवशी जुळेल अशी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. याच फेरीत किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम हे गोळी सुरू होण्यापूर्वी पाहिले होते का, तेही विचारा. पाहिले नसतील तर आता करून घ्या, पुढे तुलनेला तेच कामाला येतात. कामगार विम्याचं कार्ड असेल तर सातपूरच्या रुग्णालयात चौकशी करा. नाहीतर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहेच.

थरथरीबद्दल. हात समोर ताणल्यावर किंवा एखादी बारीक वस्तू धरल्यावर बोटांना जी झरझर कंप सुटते ती लिथियम घेणाऱ्या बऱ्याच जणांना सुरुवातीला होते, आणि पुष्कळांची काही आठवड्यांत उतरते. एरवी मी ‘घाबरू नका’ म्हणून पुढे गेले असते. पण तुम्ही त्यात चार दिवस पेनकिलर घेतली आहे आणि लेव्हल एकदाही पाहिलेली नाही, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत तुमच्या थरथरीला ‘साधी’ म्हणायला मी तयार नाही. लेव्हल बरोबर निघाली तर मग करण्यासारखं पुष्कळ आहे. डॉक्टर डोस थोडा खाली आणतात, गोळीची वेळ बदलतात, हळूहळू सुटणारी एसआर गोळी देतात (ती मोडून किंवा चावून खायची नाही), किंवा कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल जोडतात. दमा असेल तर हे आधीच सांगा, दमेकऱ्याला ते चालत नाही. चहा जास्त झाला की कंप वाढतो, पण म्हणून उद्यापासून चहा एकदम तोडू नका. चहा-कॉफी अचानक बंद केल्यानेही लिथियमचं प्रमाण वर जातं. सहा कप असतील तर हळूहळू तीनवर आणा.

कामावर तूर्त मायक्रोमीटर हातात धरण्याऐवजी स्टँडला लावा, रॅचेट फिरवूनच माप घ्या, शंका आली तर शेजारच्याकडून दुसरं रीडिंग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरी एक वही करा आणि रोज रात्री तारखेखाली आपली सही करून ठेवा. पंधरा दिवसांच्या सह्या एकाखाली एक दिसल्या की कंप वाढतोय की उतरतोय हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं, तोंडी सांगण्यापेक्षा कितीतरी बरं. पहिले काही दिवस झोप येत असेल तर चालू मशीनजवळ आणि गाडीवर जपून.

तहान आणि रात्रीचं उठणं हेही लिथियमचंच, ते किडनीला लघवी दाट करू देत नाही. तहान लागली की पाणी प्या, पाणी तोडून लघवी कमी करायला जाऊ नका. पण तहानेला साधं पाणीच. कोल्ड्रिंक आणि उसाचा रस यांवर तहान भागवणारे दोन महिन्यांत पाच किलो वाढतात आणि नाव गोळीचं होतं. लघवी फारच वाढली, रात्रभर फेऱ्या व्हायला लागल्या, तर मात्र सांगा. तोंडाची लोखंडी चव बहुतेक वेळा आपली आपण जाते. मळमळीला गोळी जेवणानंतर घेऊन पाहा.

हे झालं ‘पुढच्या भेटीत सांगायचं’ या रांगेतलं. दुसरी रांग ताबडतोब पळायची. हातांची बारीक कंप जाऊन मोठे झटके येऊ लागले, चालताना झोक जातो, जीभ जड होऊन बोलणं लडबडतं, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, गुंगी येते, माणूस बरळतो, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. सकाळची वाट पाहायची नाही, ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबू-सोड्यावर अंगावर काढायचं नाही. जाताना गोळ्यांची पट्टी बरोबर न्या आणि दारातच सांगा की पेशंट लिथियमवर आहे. हा परिच्छेद बायकोला वाचायला द्या. त्या अवस्थेत पेशंटला स्वतःला काही उमगत नसतं, पाहणाऱ्यालाच ते आधी दिसतं.

मेहुण्यांच्या व्हिडिओबद्दल. पूर्ण खोटा नाही, अर्धा आहे. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींच्या किडनीचं काम थोडं मंदावतं, डायलिसिसपर्यंत जाणारे फार थोडे. काहींचा थायरॉइड सुस्तावतो, त्याला रोजची एक गोळी पुरते. काहींचं कॅल्शियम वाढतं. हे हळूहळू होतं आणि सहामाही तपासण्यांत वेळेवर दिसतं, म्हणून त्या तपासण्या. एकाएकी किडनीला मार बसतो तो बहुतेक करून लिथियमचं प्रमाण भलतंच चढल्यावर. आणि ते चढतं कशाने, तर वर सांगितलेल्या पेनकिलरने, डिहायड्रेशनने, न केलेल्या तपासणीने. तुमचे मेहुणे किडनीच्या काळजीने गोळी सोडायला सांगतात आणि पेनकिलरला काही म्हणत नाहीत, हे मला जरा गमतीचं वाटलं.

या औषधाची बदनामी जुनी आहे आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या पेशंटना मीठ बंद असायचं, त्यांच्यासाठी जेवणावर भुरभुरायला मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकायला आलं. ना माप, ना रक्ततपासणी, त्यात ज्यांच्या पोटात मीठ जात नाही नेमकी तीच माणसं. लोकांना विषबाधा झाली, काही दगावले, आणि १९४९ मध्ये ते बाजारातून उठलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने उन्मादाच्या पेशंटवर लिथियम लागू पडतं हे छापून आणलं. वेळ इतकी वाईट की अमेरिकेने त्याला मानसिक आजारासाठी परवानगी द्यायला १९७० उजाडलं. तोवर रक्तातलं प्रमाण मोजायची सोय झाली होती. इतक्या नव्या गोळ्या आल्या तरी बायपोलरमध्ये लिथियमचं पान अजून पहिलं आहे. पुन्हा आजार उसळणं ते थोपवतं, आणि आत्महत्येचं प्रमाण त्याने घटतं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. स्वस्तही आहे, महिन्याचं बजेट कोलमडत नाही.

आता आई. त्यांना खोटं पाडू नका आणि गडावर जायचं नाही असंही म्हणू नका. फक्त पायी नको आणि उपाशी नको. नाशिकहून दिंडोरी-वणी करत सप्तशृंगी गड साठ किलोमीटरच्या वर आहे, चैत्रात पारा चाळिशीला टेकलेला, डांबर तापलेलं, त्यात पोटात फराळाचे दोन घास. लिथियमवर नव्याने असलेल्या माणसाला याहून वाईट दोन दिवस मला सुचत नाहीत. गडापर्यंत एसटी जाते आणि तिथून देवळापर्यंत २०१८ पासून रुळांवरून डोंगर चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. आईंना घेऊन तसे जा, पाण्याची बाटली आणि गोळी बरोबर. नवस पायी चालण्याचाच बोललेला असेल तर तो पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून, थंडीच्या दिवसांत फेडता येईल, देवीला घाई नाही. उपासाचंही तसंच. पोटभर फराळ, नेहमीएवढं मीठ आणि भरपूर पाणी असलेला एका दिवसाचा उपास डॉक्टरांना विचारून जमण्यासारखा असतो. निर्जळी, अळणी वार, नवरात्रातले नऊ दिवस नुसत्या पाण्यावर, हे नाही. पुढच्या तपासणीला आईंना बरोबर न्या. मुलाने सांगितलेलं पटत नाही ते डॉक्टरांनी सांगितलेलं पटतं, असं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. आणि औषध चालू असताना देवीला साकडं घालायला कुणाची हरकत असणार?

कारखान्यातही एप्रिल-मे सांभाळा. पत्र्याखाली पाळी असेल तर बाटली मशीनशेजारी, दर तासाला दोन-चार घोट, जेवणात ताक. दारू नको. ती अंगातलं पाणी काढते, झोप मोडते आणि मनाची गाडीही रुळावरून उतरवते, तीनही बाजूंनी नुकसान.

गोळी चालू ठेवू का? डॉक्टरांनी लेव्हल पाहून चालू ठेव म्हटलं तर हो, ठेवा. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आपल्या मनाने एकाएकी तर मुळीच बंद करायची नाही, कारण लिथियम अचानक सोडलं की आजार, विशेषतः उन्माद, काही महिन्यांत उसळून परत येण्याचा धोका मोठा असतो. उतरवायची वेळ आलीच तर डॉक्टर ती निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात. अकरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून निराश होऊ नका, उन्माद शांत व्हायलाच एक ते तीन आठवडे लागतात. तिचा खरा उपयोग दिसतो तो पुढची होळी नुसतीच होळी म्हणून गेली की. आयुष्यभर का, याचं उत्तर आज कुणी देऊ नये. निदान दोन वर्षं धरून चाला, मग आजार किती वेळा उसळला, किती जोराने, अंगाला काय मानवलं, हे मांडून डॉक्टरांबरोबर बसा. पुष्कळांना लांब पल्ला घ्यावा लागतो हे मी लपवणार नाही.

पुढे कधी पुन्हा उदासी आली तर दुसरीकडून नुसती डिप्रेशनची गोळी आणून घेऊ नका. बायपोलरमध्ये ती एकटी दिली तर मन उलट्या टोकाला उसळू शकतं. मरणाचे विचार डोकावले तर बायकोला सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तसे दिवस असतील तेव्हा गोळ्यांची डबी बायकोच्या ताब्यात, कारण एकदम जास्त पोटात गेल्या तर लिथियम घातक आहे. घरात लहान मूल असेल तर डबी कायमच उंचावर.

हे वाचून दुसरीच गोळी चालू असलेले लोक गोंधळतील, म्हणून घाईत दोन गोष्टी. लॅमोट्रिजिन अगदी हळूहळू वाढवतात, त्यावर अंगावर पुरळ उठलं, त्यातून ताप किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. मध्ये काही दिवस खंड पडला तर विचारल्याशिवाय जुन्या डोसवर परत जायचं नाही. आणि व्हॅल्प्रोएट, म्हणजे व्हॅल्प्रोइक ॲसिड किंवा डायव्हॅल्प्रोएक्स, हे मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो देऊ नये असं आहे. गर्भारपणी घेतल्यास साधारण दहात एका बाळात जन्मतः व्यंग आणि त्याहून कितीतरी जास्त मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचण दिसली आहे. अशी कुणी वाचत असेल तर गोळी फेकून देऊ नका, या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन हा विषय काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्या उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. विचारलं म्हणून कुणी खेकसलं तर डॉक्टर बदला.

रात्रपाळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते पेनकिलरच्या खालोखाल महत्त्वाचं वाटतं. दर आठवड्याला फिरणारी पाळी ही बायपोलरच्या माणसाची शत्रू आहे. झोप मोडली की उन्माद दार ठोठावतो, तुमच्या होळीच्या वेळीही आधी झोपच गेली होती. डॉक्टरांकडून ‘वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये’ एवढं एका ओळीचं पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव लागत नाही, तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरांवर याच कायद्याने आहे. कंपनीत कुणाला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सुपरवायझरला ‘तब्येत बिघडली होती, औषध चालू आहे, त्या दिवशी बोललो त्याची माफी मागतो’ इतकं पुरे. घरी मात्र एक नियम लावून घ्या: दोन रात्री लागोपाठ झोप तीन-चार तासांवर आली आणि तरी तुम्ही ताजेतवाने असाल, तर बायकोने तुम्हाला न विचारता डॉक्टरांना फोन करायचा. आत्ता डोकं शांत असताना तिला तशी मुभा देऊन ठेवा.

राहता राहिलं ‘पहिल्यासारखा राहीन का’. पहिल्यासारखा म्हणजे कुठला, होळीतला की त्याआधीचा? उन्मादातली ती धार, ती झपाट्याने सुचणारी बुद्धी गेली की काहींना सुनंसुनं वाटतं, आणि थोडं खरोखर गोळीनेही मंद वाटू शकतं. तीन महिने उलटल्यावरही डोकं जड, काही सुचत नाही, कशात रस नाही असं राहिलं तर तो ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोसू नका. तीही डॉक्टरांना सांगायची तक्रारच आहे, डोस किंवा गोळी त्यासाठीही बदलता येते.

वर्कशॉपची कल्पना मला वेडेपणाची वाटली नाही. मशीनवर हात बसलेल्या माणसाने स्वतःची लेथ घ्यावीशी वाटणं यात आजार कुठला आला? आजार होता तो चार रात्री न झोपता, बायकोला न विचारता ॲडव्हान्स देऊन येण्यात. लेथवाल्याला या आठवड्यात फोन करा, एकट्याने नको, बायकोला शेजारी बसवून. घरात आजारपण निघालंय, सौदा पुढे ढकलतोय किंवा मोडतोय, असं सांगा. काही रक्कम कापून उरलेली परत देत असेल तर फार घासाघीस न करता घ्या. पाच-दहा हजारांच्या वरचा कुठलाही व्यवहार सहा महिने दोघांच्या सहीशिवाय करायचा नाही असं ठरवा, आणि वर्कशॉपचा हिशेब दिवाळीनंतर पुन्हा काढा.